प्रस्तावना : कंटकचर्मी प्राण्यांची शरीररचना आणि वर्गीकरण

कंटकचर्मी प्राण्यांना प्राणिसृष्टीच्या वर्गीकरणात आज जे स्थान दिले जाते ते निश्चित होण्यास दीड शतकाहून अधिक काळ लागला, आणि ज्या लक्षणामुळे हे प्राणी समुद्रकिनाऱ्यावर फिरणाऱ्या कोणालाही चटकन ओळखू येतात त्याच लक्षणाने अभ्यासकांची सर्वांत जास्त दिशाभूल केली. ते लक्षण म्हणजे शरीराची पाच भागांत झालेली अरीय मांडणी. चाकाच्या आऱ्यांप्रमाणे मध्यबिंदूभोवती सारखे भाग रचलेले असणे म्हणजे अरीय सममिती, आणि उजवा व डावा असे दोन जुळते अर्धे असणे म्हणजे द्विपार्श्व सममिती. तारामाशाच्या पाच भुजा, सागरी अर्चिनच्या कवचावरील छिद्रांच्या पाच दुहेरी रांगा आणि सागरी काकडीच्या शरीरातील पाच लांबट स्नायुपट्टे ही एकाच आराखड्याची रूपे आहेत. तारामासे, ठिसूळ तारे, सागरी अर्चिन, सागरी काकड्या आणि सागरी लिली अशा पाच वर्गांत विभागल्या जाणाऱ्या या संघाच्या सुमारे 7,000 जाती आज हयात आहेत आणि जीवाश्मरूपाने ज्ञात असलेल्या जाती त्याहून अधिक आहेत. भरतीओहोटीच्या रेषेपासून महासागराच्या खोल दऱ्यांपर्यंत यांचा वावर आहे. मात्र गोड्या पाण्यात किंवा जमिनीवर राहणारी एकही जाती नाही.

‘एकायनोडर्माटा’ हे नाव 1734 मध्ये याकोब थिओडोर क्लाइन या जर्मन निसर्गअभ्यासकाने सागरी अर्चिनांसाठी योजले, परंतु त्या नावाखाली पुढे जो संघ उभा राहिला त्याची कल्पना त्या वेळी कोणालाच नव्हती. लिनिअसने 1758 मध्ये तारामासे आणि अर्चिन यांना ‘वर्मीस’ या व्यापक वर्गात, गोगलगायींसारख्या मऊ शरीराच्या प्राण्यांच्या शेजारी ठेवले. फ्रान्समध्ये जॉर्ज क्यूविए यांनी सर्व प्राण्यांचे चार महाविभाग केले तेव्हा चौथ्या विभागात, म्हणजे अरीय प्राण्यांच्या गटात, तारामासे आणि जेलीफिश एकत्र आले. दोघांचेही शरीर मध्याभोवती रचलेले असल्यामुळे ही जोडी वरवर पाहता सयुक्तिक होती. परंतु जेलीफिशच्या शरीरात पचनाची एकच पोकळी असते व तिला एकच तोंड असते, तर तारामाशाच्या शरीरात पचननलिकेहून वेगळी, स्वतःच्या अस्तराची देहगुहा असते. हा भेद केवळ तपशिलाचा नसून शरीराच्या मूळ बांधणीचा आहे, असे रुडोल्फ लॉइकार्ट यांनी 1840 च्या दशकाच्या अखेरीस दाखवून दिले आणि हे दोन गट कायमचे वेगळे केले. आकारसाम्य हा नात्याचा पुरावा नव्हे, ही जाणीव प्राणिशास्त्रात ज्या उदाहरणांनी रुजवली त्यांत या घटनेचे स्थान बरेच वरचे आहे.

मग या पाच वर्गांना एकत्र बांधणारी गोष्ट कोणती, या प्रश्नाचे पहिले उत्तर त्यांच्या जलसंवहन संस्थेत मिळते. दुसऱ्या कोणत्याही प्राणिसंघात अशी संस्था आढळत नाही. तारामाशाच्या पाठीवर, मध्यापासून थोडीशी बाजूला, मॅड्रेपोराइट नावाची बारीक छिद्रांची एक चाळणीसारखी तबकडी असते. तिच्यापासून चुनखडीने मजबूत झालेल्या भिंतींची अश्मनलिका खाली उतरते आणि मुखाभोवतीच्या वलयनलिकेला मिळते. वलयनलिकेतून प्रत्येक भुजेत एकेक अरीय नलिका जाते, आणि तिला दोन्ही बाजूंनी फुटलेल्या आखूड फाट्यांच्या टोकाला नलिकापाद असतात. प्रत्येक नलिकापादाच्या वरच्या बाजूला, शरीराच्या आत, एक लवचीक पिशवी असते. तिला कुंभिका म्हणतात आणि तिचे काम औषधाच्या ड्रॉपरवरील रबरी फुग्यासारखे चालते. कुंभिका आकुंचन पावली की तिच्यातील द्रव नलिकापादात शिरतो व तो लांब होतो. नलिकापादातील स्नायू आकुंचन पावले की द्रव परत कुंभिकेत जातो. नलिकापाद खडकाला घट्ट धरतात ते निव्वळ निर्वात-ओढीने, असे पूर्वी मानले जाई; आता हे स्पष्ट झाले आहे की त्यांच्या टोकावरील काही ग्रंथी चिकट द्रव्य सोडतात आणि दुसऱ्या ग्रंथींच्या स्रावाने ती पकड सुटते. चालणे, पकडणे, श्वसन, स्पर्श आणि काही वर्गांत अन्न गोळा करणे अशी अनेक कामे हे अवयव करतात. तारामाशाच्या भुजेच्या टोकावर असलेला शेवटचा, एकाकी नलिकापाद हा संवेदनेसाठीच असून त्याच्या तळाशी प्रकाश ओळखणारा लालसर नेत्रबिंदू असतो.

दुसरे बंधन कंकालाचे आहे. कंटकचर्मींचे कवच शिंपल्यासारखे शरीराबाहेर तयार होत नाही; ते त्वचेखाली, भ्रूणाच्या मधल्या स्तरापासून जन्मलेल्या पेशींकडून घडवले जाते, म्हणून त्याला अंतःकंकाल म्हणणे योग्य ठरते. अर्चिनच्या काट्यांवरही, प्राणी जिवंत असताना, पातळ जिवंत त्वचा असते. हे कंकाल मॅग्नेशियमयुक्त कॅल्साइटच्या असंख्य अस्थिकांचे असते आणि प्रत्येक अस्थिका भरीव नसून त्रिमितीय जाळीसारखी पोकळ असते. या जाळीदार रचनेला स्टिरिओम म्हणतात. तिच्या छिद्रांतून जिवंत ऊती भरलेल्या असतात, त्यामुळे कंकाल हलके राहते आणि एखादी भेग पडली तर ती पुढे पसरत नाही. विलक्षण गोष्ट अशी की, ध्रुवीभूत प्रकाशात पाहिल्यास एवढी गुंतागुंतीची अस्थिका एकाच अखंड स्फटिकासारखी वागते. कोट्यवधी वर्षांपूर्वीचा अर्चिनचा तुटका काटा किंवा लिलीच्या देठाची एखादी चकती हाती आली तरी जीवाश्मशास्त्रज्ञ तिचा संघ ठामपणे सांगू शकतो, तो या रचनेच्या आधारे.

या अस्थिकांना जोडणाऱ्या कोलॅजन तंतूंच्या ऊतीविषयी स्वतंत्रपणे सांगणे आवश्यक आहे, कारण पाठ्यपुस्तकांत तिची दखल क्वचितच घेतली जाते. ही ऊती चेतासंस्थेच्या आज्ञेनुसार थोड्या वेळात कडक किंवा मऊ होऊ शकते, आणि एकदा कडक झाली की ती स्थिती टिकवण्यास स्नायूंप्रमाणे सतत ऊर्जा खर्चावी लागत नाही. अर्चिन आपले काटे ताठ रोखून धरतो, तारामासा शिंपला उघडताना तासन् तास कमान केलेल्या स्थितीत राहतो, धोका जाणवताच ठिसूळ तारा आपली भुजा ठरावीक जागी तोडून टाकतो आणि सागरी काकडी अरुंद फटीत जवळजवळ ओघळत शिरून तेथे घट्ट होऊन बसते, या सर्व वर्तनांचे मूळ या एकाच ऊतीत आहे.

या शरीरात काय आहे याइतकेच काय नाही हेही महत्त्वाचे आहे. कंटकचर्मींना मेंदू नाही. मुखाभोवती एक चेतावलय आणि त्यातून प्रत्येक अरेत जाणारी एकेक चेतारज्जू एवढ्यावर त्यांचा व्यवहार चालतो. उत्सर्जनासाठी त्यांना वृक्कासारखे इंद्रिय नाही, आणि शरीरद्रवातील क्षारांचे प्रमाण बाहेरच्या पाण्याहून वेगळे राखण्याची क्षमताही त्यांच्यात फारच थोडी आहे. ते गोड्या पाण्यात का शिरू शकले नाहीत याचे मुख्य कारण हेच मानले जाते. शीर्ष कोठे आणि धड कोठे, हा प्रश्नही तारामाशाच्या बाबतीत दीर्घकाळ अनुत्तरित होता. 2023 मध्ये पॅटिरिया मिनिआटा या तारामाशावर प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात असे दिसले की, इतर प्राण्यांत डोक्याकडचा भाग घडवणारी जनुके याच्या त्वचेत प्रत्येक भुजेच्या मध्यरेषेवर कार्यरत असतात आणि धड घडवणारी जनुके त्या त्वचेत जवळजवळ व्यक्तच होत नाहीत. त्याचे बाह्य शरीर बव्हंशी शीर्षाशीच समतुल्य आहे, हा निष्कर्ष प्रथम ऐकताना अविश्वसनीय वाटतो, परंतु संघाच्या आराखड्याविषयीच्या जुन्या कोड्याला त्याने खरोखर नवी दिशा दिली आहे.

प्रौढ शरीर पाच अरांचे असले तरी या प्राण्यांचे बालपण वेगळेच असते. बर्लिनचे शरीरशास्त्रज्ञ योहानेस म्युलर यांनी 1840 च्या दशकात उत्तर समुद्रातील हेल्गोलँड बेटाजवळ बारीक जाळ्यांनी पाणी गाळून त्यातील सूक्ष्म जीवांचे निरीक्षण सुरू केले, तेव्हा त्यांना लांब दांड्यांचे, पारदर्शक, स्पष्टपणे उजवी-डावी बाजू असलेले जीव सापडले. हे ठिसूळ ताऱ्यांचे आणि अर्चिनांचे डिंभ होते, म्हणजे अंड्यातून निघाल्यावर प्रौढाहून पूर्णतः वेगळ्या रूपात जगणाऱ्या बाल्यावस्था. त्यांना प्लुटिअस असे नाव मिळाले. तारामाशाच्या डिंभाला बायपिनॅरिया आणि सागरी काकडीच्या डिंभाला ऑरिक्युलॅरिया म्हणतात. डिंभाच्या शरीराच्या डाव्या बाजूस असलेल्या एका लहान पोकळीपासून जलसंवहन संस्थेचा पाया घातला जातो, तेथेच पाच अरांचा अंकुर वाढतो आणि रूपांतराच्या वेळी डिंभाचा मोठा भाग शोषला किंवा टाकला जातो. अरीय सममिती ही मूळची नसून द्विपार्श्व पूर्वजांकडून नंतर मिळवलेली आहे, याचा याहून स्पष्ट पुरावा क्वचितच मिळेल.

भ्रूणाच्या वाढीतून आणखी एक नाते उघड होते. अंड्याचे विभाजन होऊन बनलेल्या पेशींच्या पोकळ गोळ्यात जे पहिले छिद्र पडते ते बहुतेक कीटकांच्या, कृमींच्या व मृदुकाय प्राण्यांच्या पूर्वपरंपरेत मुखाशी निगडित मानले जाते. कंटकचर्मींत मात्र तेथे गुदद्वार होते आणि मुख नंतर वेगळ्या जागी उघडते. कार्ल ग्रोबेन यांनी 1908 मध्ये अशा प्राण्यांसाठी जो द्वितीयमुखी गट सुचवला, त्यात पृष्ठवंशी प्राणी आणि म्हणून मनुष्यही येतो. नातेसंबंधांच्या आजच्या आकलनानुसार तारामासा हा खेकड्यापेक्षा किंवा कालवापेक्षा माणसाला अधिक जवळचा आहे. भ्रूणविज्ञानाने या संघाची इतकी मदत का घेतली हे यावरून समजते. ऑस्कर हर्टविग यांनी 1875 च्या सुमारास भूमध्य समुद्रातील अर्चिनच्या पारदर्शक अंड्यात शुक्रपेशीचे व अंडपेशीचे केंद्रक एकत्र येताना पाहिले. हान्स ड्रीश यांनी 1890 च्या दशकाच्या आरंभी दोन पेशींच्या भ्रूणातील पेशी वेगळ्या करून प्रत्येकीपासून संपूर्ण डिंभ मिळवला. आणि एली मेचनिकॉफ यांनी 1882 मध्ये मेसिना येथे तारामाशाच्या डिंभात काटा टोचून त्याभोवती गोळा होणाऱ्या भक्षक पेशींचे जे निरीक्षण केले, त्यातून रोगप्रतिकारशास्त्राचा एक मुख्य प्रवाह सुरू झाला.

वर्गांचा विचार करताना आरंभ क्रिनॉइडिया म्हणजे सागरी लिलींपासून करणे सोयीचे ठरते, कारण उरलेल्या चार वर्गांपासून त्यांची शाखा सर्वांत आधी वेगळी झाली. यांचे मुख वर असते, आणि पिसांसारख्या शाखांच्या भुजांवरील नलिकापाद पाण्यातील अन्नकण पकडून मुखाकडे पाठवतात. जलसंवहन संस्थेचे मूळ काम चालण्याचे नसून अन्न गोळा करण्याचे होते, असे मानण्यास यातून आधार मिळतो. काही लिली आयुष्यभर देठावर उभ्या राहतात, तर पिसतारे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जाती मोकळ्या फिरतात. आयर्लंडमधील कॉर्क येथे जॉन व्हॉन टॉम्सन यांनी 1827 मध्ये एका इवल्याशा देठधारी लिलीचे नवी जाती म्हणून वर्णन केले आणि काही वर्षांनी त्यांनीच सिद्ध केले की ती वेगळी जाती नव्हे, तर तेथे सर्वत्र आढळणाऱ्या पिसताऱ्याची बाल्यावस्था आहे. तो मोठा होताना देठ सोडून देतो.

ॲस्टेरॉइडिया या वर्गातील तारामाशांत भुजा मध्यचकतीत सहज मिसळतात, त्यांच्या खालच्या बाजूस नलिकापादांची उघडी खाच असते, आणि पाचक ग्रंथी व जननग्रंथी भुजांत शिरलेल्या असतात. शिंपल्याच्या दोन झडपांत अगदी बारीक फट पडली तरी अनेक जातींचा तारामासा आपले जठर उलटे करून आत सारतो व भक्ष्य तेथेच पचवतो. येथे मराठी विद्यार्थ्यांच्या दृष्टीने एक गोष्ट नोंदवणे इष्ट आहे. अनेक पाठ्यपुस्तके तारामाशाची रचना ॲस्टेरिअस या उत्तर अटलांटिकमधील प्रजातीवरून शिकवतात, तर भारताच्या वाळूमय किनाऱ्यांलगत आढळणाऱ्या ॲस्ट्रोपेक्टेन या प्रजातीचे नलिकापाद टोकदार, शोषकाविना असतात, तिला गुदद्वार नसते आणि ती भक्ष्य अख्खे गिळते. पुस्तकातील आकृती पाठ केलेल्या विद्यार्थ्याच्या हाती कोळ्यांच्या जाळ्यातला हा तारामासा आला, तर आकृती आणि नमुना यांचा मेळ बसत नाही. अशा वेळी दोष नमुन्याचा नसतो.

ऑफियुरॉइडिया म्हणजे ठिसूळ तारे हा जातिसंख्येने सर्वांत मोठा वर्ग असून त्यात 2,000 हून अधिक जाती आहेत. यांची चकती लहान व भुजांपासून स्पष्ट वेगळी असते, भुजेच्या आत मणक्यांसारख्या अस्थिकांची माळ असते आणि चालण्याचे काम नलिकापादांऐवजी भुजाच वळवळून करतात. गुदद्वार नसते, आणि मॅड्रेपोराइट मुखाच्या बाजूस असते.

एकिनॉइडिया या वर्गातील अर्चिनांची बांधणी समजून घेण्यासाठी एक कल्पना पुरेशी आहे : तारामाशाच्या पाचही भुजा वर वळवून त्यांची टोके पाठीच्या मध्याशी आणून जोडली, तर अर्चिनचा गोल मिळतो. त्याच्या कवचात पट्टिकांचे वीस उभे स्तंभ असतात, त्यांतील पाच जोड्यांना नलिकापादांची छिद्रे असतात व मधल्या पाच जोड्यांना नसतात. शिखरावर गुदद्वाराभोवती पाच जननपट्टिका असतात आणि त्यांपैकी एक मॅड्रेपोराइटचे काम करते. खालच्या बाजूस पाच दातांचे, चाळीस सांगाडी घटकांचे चर्वणयंत्र असते. त्याला ॲरिस्टॉटलचा कंदील म्हणतात. काट्यांच्या मधोमध देठांवर बसलेले सूक्ष्म चिमटेही असतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस डेन्मार्कच्या ओटो फ्रेडरिक म्युलर यांनी ते अर्चिनवर राहणारे परजीवी समजून त्यांना पेडिसेलॅरिया हे प्रजातीनाम दिले होते, आणि ते शरीराचेच अवयव ठरल्यानंतरही तेच नाव कायम राहिले. ज्युरासिक कालखंडापासून काही अर्चिनांनी वाळूत पुरून घेऊन जगण्यास सुरुवात केली. त्यांचे गुदद्वार शिखरावरून मागे सरकले, काटे आखूड व दाट झाले, आणि पाच अरांच्या शरीरावर पुन्हा पुढची व मागची बाजू उमटली. कोकणच्या पुळणींवर लाटांबरोबर येणाऱ्या, पाच पाकळ्यांची नक्षी असलेल्या चपट्या पांढऱ्या चकत्या या अशाच अनियमित अर्चिनांची कवचे होत. ती नक्षी म्हणजे श्वसनासाठी पातळ व रुंद झालेल्या नलिकापादांची छिद्रे आहेत.

होलोथुरॉइडिया म्हणजे सागरी काकड्या. अर्चिन लांबट करून कुशीवर निजवल्यास जे मिळेल ते यांचे शरीर : मुख एका टोकाला, गुदद्वार दुसऱ्या टोकाला, तीन अरा जमिनीकडे आणि दोन वर. कंकाल क्षीण होऊन त्वचेत विखुरलेल्या सूक्ष्म अस्थिकांपुरते उरलेले असते आणि बहुतेकांचे मॅड्रेपोराइट देहगुहेतच लोंबकळते. अनेक जातींत गुदद्वारातून पाणी आत घेणारे श्वसनवृक्ष असतात, आणि संकटात काही जाती चिकट तंतू सोडतात किंवा आतडीच बाहेर टाकून नंतर नवी वाढवतात.

या पाच वर्गांचे परस्परनाते हा विषय अलीकडेपर्यंत वादाचा होता, आणि पुराव्याच्या मूल्यमापनाचा धडा म्हणून तो वाद बारकाईने अभ्यासण्यासारखा आहे. ठिसूळ तारे आणि अर्चिन या दोघांचाही डिंभ लांब दांड्यांचा प्लुटिअस असतो आणि दोघांतही अरीय चेतारज्जू उघडी न राहता झाकलेली असते. यावरून ते दोघे एकमेकांचे निकटवर्ती आहेत, असे मानणारा पक्ष प्रबळ होता. दुसरा पक्ष प्रौढ शरीराचा ताऱ्यासारखा आराखडा प्रमाण मानून ठिसूळ ताऱ्यांना तारामाशांशी जोडत होता. 2014 च्या सुमारास शेकडो जनुकांची तुलना करणारे जे अभ्यास पुढे आले त्यांनी दुसऱ्या पक्षाला कौल दिला : तारामासे व ठिसूळ तारे ही एक जोडी, अर्चिन व काकड्या ही दुसरी. याचा अर्थ असा की, प्लुटिअसच्या दांड्या दोन शाखांत स्वतंत्रपणे उद्भवल्या असाव्यात. एकोणिसाव्या शतकात प्रौढ रूपाने केलेली चूक डिंभाने दुरुस्त केली, आणि आता डिंभरूपावरील अतिविश्वासही सोडावा लागला. 1986 मध्ये न्यूझीलंडजवळ खोल समुद्रात बुडालेल्या लाकडावर मिळालेल्या झायलोप्लॅक्स या चकतीसारख्या लहानग्या प्राण्यासाठी सहावा वर्ग निर्माण करण्यात आला होता. पुढील संशोधनाने तो तारामाशांच्याच वर्गात सामावला.

जीवाश्मांकडे वळल्यास हयात वर्ग किती थोडे उरले आहेत हे लक्षात येते. सुमारे 52 कोटी वर्षांपूर्वी, कँब्रियन कालखंडाच्या पूर्वार्धात, या संघाचे पहिले अवशेष मिळू लागतात आणि पुराजीव महाकल्पात वीसच्या आसपास वर्ग नांदत होते. कळीच्या आकाराचे ब्लास्टॉइड पर्मियनच्या अखेरच्या महाविनाशापर्यंत टिकले. सर्वांत गोंधळात टाकणारे गट म्हणजे पाच अरांचा मागमूसही नसलेले, असममित शरीराचे कार्पॉइड. त्यांना पृष्ठवंशींचे पूर्वज ठरवण्याचा प्रयत्नही विसाव्या शतकात झाला, पण तो टिकला नाही. त्यांचे कवच स्टिरिओमचे आहे आणि तेवढ्या एका लक्षणावर ते या संघात निःसंशय बसतात. संघाची ओळख म्हणून कंकालाची सूक्ष्मरचना ही पाच अरांहून अधिक जुनी व अधिक विश्वसनीय आहे, हे पुढील प्रकरणे वाचताना सतत ध्यानात ठेवावे.

भारतीय उपखंडातील या अभ्यासाची परंपराही लहान नाही. कच्छ, काठियावाड आणि सिंधमधील तृतीयक काळातील अर्चिन-जीवाश्मांचे मार्टिन डंकन व पर्सी स्लेडन यांनी 1880 च्या दशकात केलेले सविस्तर वर्णन आजही पाहावे लागते, आणि कोलकात्याच्या इंडियन म्युझियममधील कंटकचर्मींच्या संग्रहावर रेने केलर यांनी लिहिलेले ग्रंथ हिंदी महासागराच्या प्राणिजीवनाचे मूलभूत संदर्भ आहेत. व्यवहारात मात्र या वर्गीकरणाची सर्वाधिक गरज आज सागरी काकड्यांच्या बाबतीत भासते. मन्नारच्या आखातातून आणि लक्षद्वीपमधून उकडून वाळवलेल्या काकड्यांचा व्यापार पूर्व आशियाकडे दीर्घकाळ चालत आला. संख्या घटू लागल्यावर 2001 मध्ये त्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घेण्यात आले. पकडलेला माल वाळून आक्रसलेला, रंग गेलेला असतो व बाह्य रूपावरून त्याची जाती ओळखणे कठीण जाते; पण त्वचेचा लहानसा तुकडा ब्लीचच्या द्रावणात विरघळवला की मेज, गुंडी किंवा नांगर अशा ठरावीक आकारांच्या अस्थिका मागे राहतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांवरून प्रजाती, बहुधा जातीसुद्धा, निश्चित करता येते. म्हणूनच सागरी काकड्यांच्या प्रकरणात या अस्थिकांच्या आकृत्यांना मोठी जागा देणे अपरिहार्य ठरते.